सुट्टी कोणाची? : स्त्रियांची विनोदी कादंबरी आणि समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेच्या शब्दसंग्रहात काही विशेषणे अशी आहेत, की ती एकदा वापरली म्हणजे विवेचनाची जबाबदारी संपते. 'हलकेफुलके' हे त्यांपैकी एक. त्याच्या जोडीला 'फावल्या वेळचे', 'सुट्टीतले', 'प्रवासात वाचण्याजोगे' ही विशेषणे येतात. आणि पुस्तक स्त्रीने लिहिलेले, स्त्रियांविषयीचे व हसवणारे असेल, तर ही सगळी एकदमच येतात. नीट पाहिले तर ध्यानात येते, की पहिले विशेषण सोडता बाकीची कृतीचे वर्णन करीतच नाहीत. ती वाचनाच्या वेळेचे, जागेचे आणि वाचणाऱ्याच्या स्थितीचे वर्णन करतात. कोणी, कधी आणि कोठे वाचले यावरून काय वाचले त्याची प्रत ठरवायची, असा हा न्याय आहे. मर्ढेकरांपासून वाङ्मयकृतीच्या स्वायत्ततेचे धडे गिरवीत आलेल्या आपल्या विद्यापीठीय समीक्षेने तो इतकी वर्षे बिनतक्रार चालवून घ्यावा, हे आश्चर्य आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या न्यायावर आहे.

प्रथम हा न्याय सर्वांना सारखा लागू होत नाही, हे नोंदवले पाहिजे. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तकही कितीतरी वाचकांनी सुट्टीत, गाडीत आणि लोळत वाचले असणार. म्हणून त्याला कोणी सुट्टीतले पुस्तक ठरवले नाही. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी यांच्या विनोदाची मीमांसा आपण करतो, त्याचे प्रकार लावतो, त्यामागचे सामाजिक भान शोधतो. शकुंतला परांजपे, पद्मजा फाटक, मंगला गोडबोले यांच्या लेखनाची वेळ आली, की 'खुसखुशीत' हा शब्द टाकून पुढे जातो. खुसखुशीतपणा हा चकलीचा गुण आहे. त्याने गद्याच्या रचनेविषयी काहीच कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात स्त्रियांच्या विनोदी लेखनावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थिनीला तज्ज्ञ समितीतील एका सदस्याने विचारले, "यात संशोधन ते काय करणार?" त्याच बैठकीत बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा विषय निघाला, तेव्हा मात्र सर्व सदस्य आपापल्या बालपणीच्या सुट्ट्यांत हरवून गेले आणि तो विषय 'वाचनसंस्कृतीचा इतिहास' म्हणून संमत झाला. अर्नाळकरांवर संशोधन अवश्य व्हावे. परंतु पुरुषांच्या सुट्टीचा इतिहास होतो आणि स्त्रियांच्या सुट्टीचा केवळ वेळ जातो, हे कोणत्या वाङ्मयीन तत्त्वावर?

या भेदाची मुळे जुनी आहेत. 'नाट्यशास्त्रा'च्या सहाव्या अध्यायात भरताने हास्याला रसाचे स्थान दिले, त्याचे सहा प्रकार सांगितले आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींत वाटून दिले. उत्तमांनी स्मित करावे, अधमांनी खदखदून हसावे. त्याच ठिकाणी भरत असेही नोंदवतो, की हा रस प्रामुख्याने स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांच्या ठायी आढळतो. भरताचे हे विधान रंगभूमीवरील पात्रांविषयी आहे. आपण मात्र ते नकळत लेखिकेला आणि वाचकस्त्रीलाही लावले. शिवाय आणखी एक विसंगती आहे. भोंडल्याच्या गाण्यांत सासरची यथेच्छ टिंगल होते, तेव्हा आपण तिला लोकसाहित्य म्हणतो आणि त्या हसण्यात दबलेल्या स्त्रीमनाचा उद्गार ऐकतो. तेच हसू छापून, किंमत लावून दुकानात आले, की उथळ ठरते. निनावी स्त्रीचे हसणे आपल्याला चालते. सही करून हसणारी चालत नाही.

आता प्रत्यक्ष कृतींकडे वळू. मराठीत स्त्रियांचा विनोद प्रामुख्याने ललित लेखात आणि वृत्तपत्री सदरात रमला. विनोदी कादंबरीची सलग परंपरा पाहायची तर इंग्रजीकडे जावे लागते, आणि तेथील समीक्षेचे पूर्वग्रहही आपल्याच ओळखीचे आहेत. १९३० साली प्रसिद्ध झालेली ई. एम. डेलाफील्ड यांची 'डायरी ऑफ अ प्रोव्हिन्शियल लेडी' ही आधी 'टाइम अँड टाइड' या साप्ताहिकात क्रमशः आली. तिच्या नायिकेला नाव नाही. बँकेची खरमरीत पत्रे, नाराज स्वयंपाकीण, वर्तमानपत्राआड झोपी जाणारा नवरा, आणि गावातील बड्या बाईसमोर सुचलेले पण उच्चारता न आलेले उत्तर, एवढाच तिचा ऐवज. ती नोंद करते, नोंदीलाच प्रश्न विचारते आणि उत्तर न देता पुढच्या कामाला लागते. तिच्या वाक्यांतून 'मी' हे सर्वनाम वारंवार गळालेले असते. इंग्रजीत हे गाळणे डोळ्यांत भरते. 'मी' म्हणायलाही फुरसत नसलेली बाई त्या व्याकरणातच उभी राहते. मराठीत क्रियापदच कर्त्याची ओळख देत असल्यामुळे सर्वनाम गाळण्यात काही विशेष वाटत नाही, म्हणून हा विनोद सहज भाषांतरित होत नाही. ज्या लेखनाचा विनोद व्याकरणाच्या इतक्या आतल्या थरात आहे, त्याला हलके म्हणणारा समीक्षक वजन कोठल्या काट्यावर करतो?

स्टेला गिबन्स यांची 'कोल्ड कम्फर्ट फार्म' १९३२ ची. माती, नियती आणि रक्त यांच्या नावाने उसासे टाकणाऱ्या इंग्रजी ग्रामीण कादंबरीचे हे विडंबन आहे, आणि ती जात आपल्याकडील वाचकालाही अनोळखी नाही. शहरातली फ्लोरा पोस्ट ही पोरकी तरुणी नातेवाइकांच्या शेतावर राहायला येते आणि त्या शोकात्म गोतावळ्याला शांतपणे मार्गाला लावते. घरातील म्हातारीने लहानपणी लाकडांच्या कोठीत काहीतरी भयंकर पाहिलेले असते व त्या बळावर ती सर्वांना मुठीत ठेवते. ते काय होते, हे कादंबरी शेवटपर्यंत सांगत नाही. शोकात्म रहस्याच्या आधारे कुटुंबावर चालणाऱ्या सत्तेचे याहून नेमके चित्र गंभीर कादंबरीत सहसा सापडत नाही. प्रास्ताविकात लेखिकेने आणखी एक गंमत केली. आपल्या पुस्तकातील 'उत्कृष्ट' उतारे समीक्षकांना चटकन ओळखता यावेत म्हणून त्यांवर प्रवासी मार्गदर्शिकेप्रमाणे तारका देत असल्याचे तिने जाहीर केले, आणि अलंकारांनी फुगलेल्या उताऱ्यांना खरोखरच तारका दिल्या. ही समीक्षेची समीक्षा आहे, आणि ती सुट्टीतल्या पुस्तकाने केली आहे.

हेलन फील्डिंग यांची 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' याच वाटेने आली. १९९५ मध्ये 'द इंडिपेंडंट' या वृत्तपत्रात सदर सुरू झाले आणि १९९६ मध्ये कादंबरी निघाली. कथानकाचा सांगाडा जेन ऑस्टिनच्या १८१३ च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा आहे. नायकाचे आडनावही तेच, डार्सी. नोंदीच्या आरंभी वजन, मद्य, सिगारेटी आणि उष्मांक यांचा जमाखर्च येतो. स्वतःच्या शरीराची रोजकीर्द लिहायला लावणाऱ्या संस्कृतीचा उपहास त्या आकड्यांच्या मांडणीतच आहे; त्यासाठी वेगळ्या भाष्याची गरज पडत नाही. या पुस्तकाच्या यशानंतर 'चिक लिट' हे नाव रूढ झाले. ते १९९५ च्या एका कथासंग्रहाच्या शीर्षकात उपरोधाने वापरलेले होते. बाजाराने उपरोध काढून टाकला आणि शिक्का ठेवला. २००१ साली बेरिल बेनब्रिज आणि डोरिस लेसिंग या ज्येष्ठ लेखिकांनीही या प्रकाराविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. स्त्रियांनी स्त्रियांच्या लेखनाला उथळ म्हणण्याच्या संदर्भात जॉर्ज एलियटच्या १८५६ च्या प्रसिद्ध लेखाचा दाखला नेहमी दिला जातो. परंतु तो लेख पुन्हा वाचावा. एलियटचा सर्वांत तीव्र राग विद्वत्तेचे आणि तत्त्वज्ञानाचे सोंग आणणाऱ्या कादंबऱ्यांवर आहे. खोटे गांभीर्य हे तिचे लक्ष्य होते, हसणे नव्हे.

वरील तीनपैकी दोन कृती आधी नियतकालिकांत हप्त्याहप्त्याने आल्या, आणि मराठी लेखिकांचा विनोदही सदरातच बहरला. हा योगायोग म्हणता येत नाही. येथे सुट्टीचा प्रश्न येतो. आपल्याकडे मे महिन्याची सुट्टी म्हणजे कोणाची सुट्टी? मुले घरी, नणंद माहेरी आलेली, दारात आंब्याची पेटी, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि दिवसातून चार वेळा पेटणारा गॅस. घरातील स्त्रीचे काम सुट्टीत दुप्पट होते. नोकरी करणारी असेल, तर रजा टाकून ती हे दुप्पट काम करते. तिला मिळतो तो दुपारचा तासभर, आणि तोही दाराची कडी वाजेपर्यंतचा. डायरी, सदर, छोटी प्रकरणे, जेथून सोडले तेथून पुन्हा धरता येणारा धागा, ही रूपे अशा तुकड्यातुकड्यांच्या काळाला घडवून दिलेली आहेत. तीन पानांत एक प्रसंग उभा करायचा, वाढवायचा आणि नेमक्या शब्दावर सोडायचा, यासाठी लागणारी शिस्त चारशे पानांच्या ऐसपैस कादंबरीला लागतेच असे नाही. अखंड बैठक ज्याला सहज उपलब्ध आहे, अशा वाचकाला प्रमाण मानून आपण 'गंभीर वाचना'ची कल्पना रचली. मग त्या बैठकीबाहेर वाचले जाणारे सगळे आपोआप हलके ठरले.

या लेखनाच्या बाजूने बोलणारा दुसरा एक पक्ष आहे, आणि त्याच्याशीही माझे भांडण आहे. सांस्कृतिक अभ्यासाची परिभाषा आत्मसात केलेले आपले तरुण अभ्यासक लोकप्रिय स्त्रीलेखनात 'प्रतिकार' शोधतात. १९८४ मध्ये जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' या ग्रंथात दाखवले, की प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन गृहिणींना पुस्तक उघडणे हीच घराच्या मागण्यांपासून स्वतःला बाजूला काढण्याची कृती वाटत होती. हे निरीक्षण मोलाचे आहे. त्याच्या आपल्याकडील अनुकरणात मात्र पुस्तक नाहीसे होते आणि केवळ 'वाचनकृती' उरते. पुस्तकात काय आहे, ते चांगले हसवते की वाईट, हा प्रश्नच उरत नाही. सोवळे समीक्षक या पुस्तकांना दाराबाहेर ठेवतात. हे अभ्यासक त्यांना आत घेतात, पण त्यांचे हसू काढून घेऊन. आनंद झाला म्हणून वाचले, हे उत्तर दोघांनाही पुरेसे वाटत नाही.

प्रतिवाद उघड आहे : यातील पुष्कळ पुस्तके साचेबंद आणि खरेदीच्या पिशव्यांनी भरलेली असतात. असतातच, कोणत्याही वाङ्मयप्रकारात बहुसंख्य पुस्तके सामान्यच असतात, नवकथाही त्याला अपवाद नाही. त्यांच्या जगाला वर्गाची मर्यादाही आहे. डेलाफील्डच्या नायिकेच्या तक्रारी स्वयंपाकीण ठेवू शकणाऱ्या घरातल्या आहेत, आणि त्या स्वयंपाकिणीची डायरी कोणी लिहिली नाही. ही मर्यादा दाखवलीच पाहिजे. पण ती दाखवायची तर पुस्तक उघडून, त्यातील विनोद कोणाच्या खर्चाने होतो हे वाक्यावाक्याला तपासून दाखवावी लागेल. 'हलकेफुलके' म्हणून बाजूला सारणारा समीक्षक ही तपासणीही टाळतो. त्याची तुच्छता वाईट पुस्तकांच्याच पथ्यावर पडते, कारण तिच्यामुळे चांगल्या-वाईटाचा निवाडाच होत नाही.

मागणी साधी आहे. विनोदी कादंबरीला विनोदी कादंबरी म्हणून न्याय द्या : हसवते का, कशाने हसवते, कोणाला हसते, आणि हसू ओसरल्यावर काय उरते? पदव्युत्तर अभ्यासक्रमात विनोदाची जी अभ्यासपत्रिका असते, तीत एक तरी लेखिका नावापुरती न ठेवता नीट शिकवा. आणि सुट्टीत काय वाचले असे विचारल्यावर विद्यार्थिनी खरे नाव गिळून एखाद्या प्रतिष्ठित ग्रंथाचे नाव सांगते, तेव्हा दोष तिच्या अभिरुचीत शोधू नका. आवडलेल्या पुस्तकाविषयी बोलण्याची भाषा आपण तिला दिलेली नाही. खोटे बोलण्याची मात्र दिली आहे.