रुग्णाची खाट पडद्यावर मावत नाही

चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा देण्याची प्रक्रिया २४ ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाली. अडीच वर्षांनी परतीची वाट मोकळी झाली. पण या काळात जे शिकायचे राहून गेले, त्याचा हिशेब तेव्हा कोणी मांडलेला नव्हता.

करोनाची साथ पसरू लागल्यावर हे विद्यार्थी घरी आले आणि २८ मार्च २०२० रोजी चीनने परदेशी नागरिकांसाठी दारे बंद केली. चिनी विद्यापीठांत नाव असलेले भारतीय विद्यार्थी सुमारे २३ हजार, त्यांतले बहुतेक वैद्यकीय शाखेचे. त्यांनी ऑनलाइन वर्गांशी जुळवून घेतले. चीनचे घड्याळ अडीच तास पुढे असल्याने तिथला सकाळी आठचा तास इथे पहाटे साडेपाचला भरतो. जून २०२० मध्ये वीचॅटवर भारतात बंदी आल्यावर संपर्काचे दुसरे मार्ग शोधावे लागले.

या जिद्दीबद्दल शंका नाही. प्रश्न विषयाच्या स्वरूपाचा आहे. जीवरसायनशास्त्र किंवा औषधशास्त्राचे व्याख्यान पडद्यावरून पोहोचते. न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो, हा फायदाच. शवविच्छेदनापासून अडचण सुरू होते आणि वॉर्डात ती पुरती उघडी पडते. रुग्णाने श्वास आत घेतला की सुजलेल्या यकृताची कड बोटांना कशी लागते, पाणी साचलेल्या छातीवर ठोकल्यावर आवाज कसा बद्द येतो, हे चित्रफीत पाहून कळत नाही. चुकलेले बोट शेजारी उभ्या असलेल्या शिक्षकानेच योग्य जागी ठेवावे लागते. भारतातील वैद्यकीय महाविद्यालयेही काही महिने ऑनलाइन होती. मात्र तिथले विद्यार्थी पुढे वॉर्डात परतले.

केवळ ऑनलाइन घेतलेले वैद्यकीय शिक्षण मान्य नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. जुलै २०२२ मध्ये मात्र एकवेळची सवलत दिली. साथीमुळे किंवा युद्धामुळे अंतिम वर्षात परतलेल्या आणि ३० जून २०२२ पर्यंत अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळालेल्यांना पात्रता परीक्षा देता येणार होती. उत्तीर्ण झाल्यावर त्यांना एकाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप करावी लागणार होती.

निर्णयाची दिशा योग्य आहे. पात्रता परीक्षा ३०० बहुपर्यायी प्रश्नांची असते. तिच्यात वाचलेले तपासले जाते, हात तपासला जात नाही. त्यामुळे सारी भिस्त त्या दोन वर्षांवर आहे. सरकारी रुग्णालयांत इंटर्नचा बराच वेळ रक्ताचे नमुने पोहोचवण्यात आणि कागद भरण्यात जातो. जादा वर्षही तसेच गेले, तर उणीव भरणार नाही, फक्त नोंदणी लांबेल. या मुलांना आधी काही आठवडे केवळ रुग्णतपासणीचे धडे द्यावेत, प्रत्येक कौशल्याची नोंदवही ठेवावी आणि शिक्षकाने समोर पाहिल्याशिवाय सही करू नये.

खालच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ही सवलत नव्हती. त्यांनी शक्य तितक्या लवकर प्रत्यक्ष वर्गात परतणे आणि बुडालेली प्रात्यक्षिके विद्यापीठाकडून आग्रहाने करवून घेणे, हेच त्यांच्या हिताचे होते.

उद्या यांच्यापैकीच कोणी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटा डॉक्टर असेल. तिथे आलेल्या रुग्णाला त्याची पदवी कुठली हे ठाऊक नसते. पोटावर ठेवलेला हात जाणता असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते.