लाकडाचे विमान आणि हैदराबादचे नाव

आपल्या हिंगोली भागातली मुले ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी करतात. धांडा सोलायचा, चिपाडाच्या काड्या करायच्या आणि आतल्या भेंडात त्या टोचत जायच्या. तासाभरात जू आणि चाके असलेली गाडी उभी राहते. ज्या मुलामुलींना ही गाडी जमते, त्यांना लाकडाचे विमानही जमेल. फरक इतकाच की गाडी नजरेच्या अंदाजाने होते, विमान मात्र मापाने करावे लागते.

विमान कोणते करावे? माझी सूचना आहे, 'डी. एच. ९ ए' करावे. हे एकावर एक दोन पंख असलेले जुने विमान. त्याचा आपल्या मुलखाशी संबंध आहे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, इंग्रजांच्या हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला ही विमाने मिळाली ती हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या देणगीतून. म्हणून तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले आणि विमानांवरही 'हैदराबाद' आणि पुढे क्रमांक असे लिहिले गेले. त्या काळी हिंगोली, कळमनुरी, वसमत हा सारा भाग निजामाच्या राज्यात होता. देणगी निजामाची होती हे खरे. पण राज्याचे धन शेवटी येत होते रयतेच्या शेतसाऱ्यातून. घाम कुणाचा आणि नाव कुणाचे, हा प्रश्न आपल्या लोकांना नवा नाही.

त्यातले एक विमान आजही शिल्लक आहे. 'हैदराबाद नं. १२ ए' हे त्याचे नाव. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी ते जर्मनांच्या हाती सापडले. त्यांनी ते पुढे बर्लिनच्या संग्रहालयात ठेवले. दुसऱ्या महायुद्धात ते पोलंडमध्ये गेले आणि १९७७ साली ब्रिटनला परत आले. त्याचे मूळ पंख नाहीसे झाले होते. ते नव्याने घडवले गेले. आता ते लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आहे. पंख नाहीसे झाले तरी मापे शिल्लक असली की वस्तू पुन्हा उभी करता येते. नकाशा वाचता येणे म्हणजे काय, हे यावरून समजावे.

हे विमान होते लाकडी सांगाड्याचे आणि वर कापडाचे. म्हणजे मुख्य काम सुताराचे आणि शिवणाऱ्या हातांचे. त्या युद्धात इंग्लंडमधले फर्निचरचे कारखाने विमाने बनवू लागले होते आणि पंखांवर कापड शिवण्याचे काम हजारो स्त्रियांनी केले. त्यांची नावे कुठल्याही विमानावर लिहिली गेली नाहीत.

दोन पंख कशासाठी, असे मुले विचारतील. लाकडाचा एकच लांब पंख पुरेसा मजबूत करायचा तर तो जाड आणि जड होतो. त्याऐवजी दोन हलके पंख घेऊन मध्ये खांब द्यायचे आणि तिरप्या तारा ताणायच्या. घराच्या छपराची कैची अशीच असते. न विणलेली बाज ढकलली की तिरकी होते. घट्ट विणली की ताठ उभी राहते. विमानात विणीचे काम तारा करतात.

आता कृती पाहू. प्रथम विमानाचा समोरून, बाजूने आणि वरून असा तिन्ही अंगांनी काढलेला नकाशा मिळवावा. मग प्रमाण ठरवावे. खऱ्या विमानाच्या १ फुटाला आपला अर्धा इंच धरावा, म्हणजे २४ पट लहान. पंखांचा विस्तार ४५ फूट ११ इंच. तो आपल्याकडे केसभर कमी २३ इंच होईल. लांबी ३० फूट ३ इंच. ती होईल १५ इंच १ सूत. सुतारकाका सूत कशाला म्हणतात हे मुलांनी त्यांनाच जाऊन विचारावे. इंचाचा आठवा भाग म्हणजे १ सूत. अपूर्णांकाचे गणित येथे हातात येते.

शहरात अशा कामाला बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड वापरतात. एन.सी.सी.च्या हवाई शाखेतली मुले त्याचीच विमाने करतात. आपल्याला ते मिळाले नाही तरी अडत नाही. सावर किंवा पांगाऱ्याचे लाकूड हलके असते. बांबूच्या कामट्या ताठ आणि चिवट असतात. फळांच्या पेटीच्या पातळ फळ्याही चालतात. बाकी करवतीचे पाते, धारदार चाकू, काचपेपर, टाचण्या आणि फेव्हिकॉल, एवढ्यावर काम होते.

नकाशा सपाट पाटावर लावून त्यावर प्लॅस्टिकचा कागद पसरावा, म्हणजे चिकटद्रव्याने नकाशा खराब होत नाही. धडासाठी चार लांब पट्ट्या आणि मधल्या उभ्या-आडव्या काड्या नकाशावरच जोडाव्यात. पंखाच्या सगळ्या फासळ्या एकसारख्या हव्यात. त्या सुट्या कापू नयेत. पातळ फळीचे तुकडे टाचण्यांनी एकत्र धरून एकदमच घासाव्यात. वर पतंगाचा कागद चिकटवून सुकल्यावर पाण्याचा हलका फवारा मारावा. वाळताना कागद ताणून बसतो. खऱ्या विमानावर कापडाला 'डोप' लावत, तेही असेच ताणले जाई.

सर्वात अवघड काम वरचा पंख बसवण्याचे. पुठ्ठ्याचे सारख्या उंचीचे ठोकळे करून दोन्ही पंखांच्या मध्ये ठेवावेत आणि मगच खांब चिकटवावेत. नंतर शिवणाच्या दोऱ्याने तारा ओवाव्यात. एक दोरा जास्त ओढला तर पंख पिळतो. म्हणून डावीकडे एक, मग उजवीकडे एक, असे सावकाश जावे. फासळी वाकडी झाली तर ती काढून दुसरी करावी. घाई केली की वाकडेपणा शेवटपर्यंत दिसतो. दोन-तीन महिने लागतील, लागू द्यावेत.

कुणी म्हणेल, गरिबाच्या पोराला हे लाड कशाला? हे लाड नाहीत. आपल्याकडे ज्यांच्या हाती हत्यार होते त्यांना पुस्तक नाकारले गेले, आणि ज्यांच्या हाती पुस्तक होते त्यांनी हत्याराला हात लावला नाही. असे विमान करताना एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात चाकू घ्यावा लागतो. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली मंजुरी दिली. ४-४ किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजा अणूहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजणार. तेथे आपली मुले मोजणाऱ्यांत असणार की फाटकावरच्या पहाऱ्यात, हे आज घराघरांतल्या ओसरीवर ठरते.

विमान पुरे झाले की त्याच्या बाजूवर 'हैदराबाद नं. १२ ए' असे लिहावे, कारण तो इतिहास आहे. आणि खालच्या पंखाच्या तळाशी, ज्यांनी करवत चालवली, फासळ्या घासल्या, दोरे ओवले, त्या सर्वांची नावे बारीक अक्षरात लिहावीत. त्या १९१८ च्या विमानांवर तेवढेच लिहायचे राहून गेले होते.