ईदचा जोडा म्हणजे पगारवाढ नव्हे

कोंढव्यातल्या आमच्या इमारतीत दोन घरांत मिळून मुलं सांभाळायला एकच बाई आहेत. मुलं त्यांना खाला म्हणतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, आठवड्याचे सहा दिवस, पगार १४,००० रुपये. दोन्ही घरांनी निम्मा निम्मा द्यायचा. यंदा वाढीचा विषय निघाला तेव्हा शेजारी म्हणाले, "पाचशे वाढवू या. ईदला कपडेही देतोच की!" मीही मान डोलावली.

रात्री हिशेब मांडला आणि लाज वाटली. महिन्याला साधारण २६० तास काम, म्हणजे तासाला ५४ रुपये. मुलं दोन धरली तर एका मुलामागे २७. खाला येरवड्याहून दोन बस बदलून येतात. जून २०२५ मध्ये पीएमपीएमएलचा मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. आमची पाचशेची 'वाढ' पासातच संपली असती, वर शंभर त्यांच्याच खिशातून गेले असते.

घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मजुरी किती आणि ती कशी वाढावी, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ईदचा जोडा, दवाखान्याला दिलेले हजार, उरलेली बिर्याणी यांत माया असेल, पण ते देणं आपल्या मर्जीवर असतं. पगार मर्जीवर असू नये.

पुण्याला हे नवीन नाही. १९८० साली याच शहरात मोलकरणींनी संप केला. पगारवाढ आणि सुट्टी या त्यांच्या मागण्या होत्या. त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पुढे २००८ मध्ये महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला. पण तो नोंदणी आणि कल्याणकारी योजनांचा. आपल्या घरात पगार दरवर्षी किती वाढावा, हे त्यात लिहिलेलं नाही. ते आपल्यालाच ठरवायचं आहे.

आम्ही असं ठरवलं. पासाचे वाढलेले ६०० पूर्ण द्यायचे. त्यावर आठ टक्के, म्हणजे १,१२० रुपये, कारण आम्हाला नोकरीत साधारण तेवढीच वाढ मिळाली. हे १,७२० दोन्ही घरांनी सारखे वाटून घेतले. माझ्या घरी दुसरं बाळ आलं, काम वाढलं. त्याचे २,००० माझ्या एकट्याच्या घराने द्यायचे. ते शेजाऱ्यांवर टाकणं बरोबर नव्हतं आणि खालांनी फुकट करणं तर मुळीच नाही. नवा पगार १७,७२०.

आकडा सांगितला तेव्हा खालांनी पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच: "तुम्ही गावी गेलात की पैसे कापणार का?" आम्ही आजवर कापत होतो. एक घर सुट्टीवर गेलं की त्या घराचा निम्मा पगार बंद. वाटून काम असलं की हा धोका नेहमी बाईच्याच वाट्याला येतो. आपण मजेत गावी जातो आणि त्यांच्या घरचं भाडं मात्र थांबत नाही.

म्हणून आणखी तीन गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून टाकल्या. आमच्या सुट्टीत पगार कापायचा नाही. महिन्याला त्यांच्या दोन भरपगारी सुट्ट्या. एखाद्या घराला थांबायचं असेल तर एक महिना आधी सांगायचं, नाहीतर त्या महिन्याचा वाटा द्यायचा.

हे परवडत नाही असं वाटणाऱ्यांनी तास कमी करावेत, दर कमी करू नये. आपल्यापैकी बहुतेक जण ऑफिसात अप्रेझलसाठी भांडतो. घरात मालक होतो तेव्हा तीच मोजपट्टी उलटी धरू नये. या महिन्यात एकदा कागद घेऊन बसा आणि आपल्या घरी येणाऱ्या बाईंच्या कामाचा तासाचा दर काढा.