फरक आणि फिरका

शिया-सुन्नी प्रश्नावरच्या इंग्रजी लेखांत ‘स्किझम’ हा शब्द हमखास भेटतो. शब्दकोशात अर्थ मिळतो फूट, दुफळी. पण हा शब्द जरा उलगडून पाहण्यासारखा आहे.

मूळ ग्रीक ‘स्खिझ्मा’ म्हणजे चीर, फाट. बायबलच्या नव्या करारात जुन्या कपड्याला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावल्यावर पडणाऱ्या फाटीसाठी हा शब्द येतो, आणि अनुयायांमधल्या गटबाजीसाठीही. लॅटिन, फ्रेंच असा प्रवास करत तो इंग्रजीत आला. जुना उच्चार ‘सिझम’ होता. सोळाव्या शतकात मूळ रूपाला धरून स्पेलिंग बदलले आणि पुढे ‘स्किझम’ रूढ झाले. ‘स्किझोफ्रेनिया’तही हाच धातू आहे.

चर्चच्या परिभाषेत पाखंड वेगळे आणि स्किझम वेगळा. पाखंड म्हणजे श्रद्धेच्या गाभ्याला नकार. स्किझम म्हणजे एकत्र राहायलाच नकार. १६ जुलै १०५४ रोजी पोपच्या दूतांनी कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात तिथल्या धर्मप्रमुखाविरुद्ध बहिष्काराचे पत्र ठेवले. त्यानेही उलट बहिष्कार घातला. वाद पोपच्या अधिकाराचा होता, तसाच विधीतली भाकरी खमिराची की बिनखमिराची, याचाही! हे बहिष्कार मागे घ्यायला डिसेंबर १९६५ उजाडावे लागले. म्हणजे ९११ वर्षे. तरीही दोन्ही चर्च आजवर एक झालेली नाहीत.

आता आपल्याकडचा शब्द. अरबी ‘फ-र-क’ या धातूतून मराठीतला ‘फरक’ आला, आणि ‘फिरका’ही. खरे-खोटे वेगळे करणारा ‘फुरकान’ही त्यातलाच. म्हणजे वेगळेपण ओळखणे आणि वेगळे होणे, दोन्ही एकाच मुळाची. पण दोन्ही एक नव्हेत. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. एक ‘आमीन’ मोठ्याने म्हणतो, दुसरा मनात. तरी मुंबईच्या मशिदीत दोघे एकाच सफेत उभे राहतात. इथे फरक आहे, पण फूट नाही.

संघटनेत, मशीद कमिटीत, व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद होणारच, आणि ते व्हायलाही हवेत. मात्र वेगळी चूल मांडण्यापूर्वी स्वतःला विचारा: मुद्दा पटत नाही, की माणूस नको आहे? मुद्द्यावर बसून बोलता येते. माणूस नको असेल, तर त्याला तत्त्वाचे नाव देऊ नका.