परवानगीची किंमत कोण ठरवतो? जयंती, मैदान आणि सरकारी मागण्या

एप्रिल जवळ आला की प्रत्येक वस्तीत जयंती समितीचे दोन-चार तरुण हातात फाइल घेऊन फिरताना दिसतात. पोलीस ठाणे, महापालिकेचे विभाग कार्यालय, वाहतूक शाखा, अग्निशमन दल, वीज कंपनी. प्रत्येक ठिकाणी एक अर्ज, एक ना-हरकत दाखला आणि बहुतेक ठिकाणी एक रक्कम. मंडपाचे शुल्क, अनामत, रस्त्यावर खड्डा केला तर दंड, तात्पुरत्या मीटरचे पैसे. यातले काही नियमात लिहिलेले असते, काही फक्त तोंडी सांगितले जाते. तोंडी सांगितलेल्या पैशांची पावती मागितली की उत्तर येते, "साहेबांना भेटा."

मैदान सार्वजनिक, रस्ता सार्वजनिक, मग तिथे एकत्र येण्याची किंमत कोण ठरवतो आणि कोणत्या नियमाने? हा प्रश्न फक्त आपल्या समितीचा नाही. जगभर सार्वजनिक जागेवर उत्सव करणाऱ्यांना तो पडला आहे. आमच्या मते या खर्चाचे तीन प्रकार आहेत. ते वेगळे ओळखता आले नाहीत तर आपण एक तर नको ते पैसे भरत राहू, नाही तर रास्त पैशांवरही उगाच भांडत बसू.

पहिला खर्च: जो खरोखर होतो

हजारो माणसे एका मैदानावर आली की पाणी लागते, शौचालये लागतात, रुग्णवाहिका लागते, दुसऱ्या दिवशी कचरा उचलावा लागतो. हे काम करणाऱ्या सफाई कामगारांत आपलेच भाऊ-बहिणी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या घामाची किंमत नाकारणे आपल्याला शोभणार नाही.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी मुंबई महापालिका शिवाजी पार्कवर मंडप, पिण्याचे पाणी, फिरती शौचालये आणि वैद्यकीय कक्ष उभारते. त्यावरून दरवर्षी कुणी तरी "आमच्या पैशांवर" असा टोमणा मारतो. त्या टोमण्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. रात्रभर रेल्वेने येऊन रांगेत उभा राहणारा शेतमजूर काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कर भरतो. त्याला मिळणारे पाणी हे दान नाही.

दुसरा खर्च: साहेबांच्या सोयीचा

अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात दरवर्षी 'बर्निंग मॅन' नावाचा महोत्सव भरतो. सुमारे सत्तर हजार माणसे आठवडाभर तंबूत राहतात. जमीन केंद्र सरकारची, तिचा कारभार 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या खात्याकडे. परवानगीसाठी आयोजकांना उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा द्यावा लागतो आणि खात्याचा देखरेखीचा खर्चही भरावा लागतो. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

पण २०१५ साली या खात्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी वेगळी छावणी मागितली. तिच्यात फ्लशची शौचालये हवीत, कपडे धुण्याची यंत्रे हवीत, वातानुकूलन हवे आणि चोवीस तास आइस्क्रीमही हवे. खर्च सुमारे दहा लाख डॉलर, आणि तो आयोजकांनी करायचा. ही यादी वर्तमानपत्रात छापून आली, नेवाडाच्या सिनेटरने थेट मंत्र्यांना पत्र लिहिले आणि खात्याला माघार घ्यावी लागली. २०१९ साली त्याच खात्याच्या अहवालात महोत्सवाभोवती मैलोन् मैल काँक्रीटचे अडथळे उभारण्याची सूचना होती. लोकांनी हरकती नोंदवल्यावर तीही वगळली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आयोजकांनी खर्चाच्या वसुलीविरुद्ध खात्यालाच न्यायालयात खेचले.

तो महोत्सव श्रीमंतांचा आहे, महागडी तिकिटे घेऊन लोक तिथे जातात. आपल्या जयंतीशी त्याची तुलना होऊ शकत नाही. तरी त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मागणी कागदावर होती, म्हणून ती उघड झाली आणि उघड झाली म्हणून मागे घ्यावी लागली. आपल्याकडे मागणी तोंडी असते. ती कधीच उघड होत नाही, म्हणून दरवर्षी वाढत जाते.

तिसरा खर्च: दुसऱ्याच्या द्वेषाचा

हा प्रकार सर्वांत घातक आहे. त्याचे स्पष्ट उदाहरणही अमेरिकेतलेच आहे.

जॉर्जिया राज्यातल्या फोरसाइथ कौंटीतून १९१२ साली कृष्णवर्णीय रहिवाशांना हिंसाचार करून हाकलून लावले होते. त्यानंतर पिढ्यान् पिढ्या तिथे जवळपास फक्त गोरे राहत होते. जानेवारी १९८७ मध्ये तिथे नागरी हक्कांसाठी छोटा मोर्चा निघाला, तेव्हा विरोधकांनी त्यावर दगड फेकले. आठवडाभरात सुमारे वीस हजार लोक पुन्हा चालत आले. या वेळी मोठा बंदोबस्त होता. त्यावर ६ लाख ७० हजार डॉलरहून अधिक खर्च झाला. त्यानंतर कौंटीने नियम केला की मोर्चा काढणाऱ्याने दिवसाला एक हजार डॉलरपर्यंत शुल्क भरायचे आणि बंदोबस्त किती लागेल ते पाहून अधिकाऱ्याने रक्कम ठरवायची.

दगड फेकणारे एकीकडे राहिले आणि बिल चालणाऱ्यांच्या नावाने फाडण्याची सोय झाली. पुढे या नियमाला आव्हान दिले ते एका गौरवर्णवादी संघटनेने, हा इतिहासाचा विनोद. पण १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नियम रद्द केला. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा: विरोधी जमाव चिडेल म्हणून बोलणाऱ्यावर आर्थिक बोजा टाकता येत नाही, आणि शुल्क किती हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही.

आता आपल्याकडे पाहा. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला जाणाऱ्या अनुयायांवर हल्ले झाले, तेव्हापासून तिथे दरवर्षी प्रचंड बंदोबस्त असतो. २०२३ साली नांदेडजवळच्या बोंढार गावात एका बौद्ध तरुणाची हत्या झाली. गावात भीमजयंतीची मिरवणूक निघाल्याचा राग हे त्यामागचे कारण असल्याचा आरोप आहे. अशा गावांत समिती अर्ज करते, तेव्हा "कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न" हे शब्द तिला ऐकावे लागतात. मार्ग बदला, वेळ कमी करा, हमीपत्र द्या. अटी मिरवणूक काढणाऱ्यावर येतात. मिरवणूक अडवणाऱ्याकडून हमीपत्र का घेतले जात नाही?

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत फार पूर्वी दिशा दिली आहे. १९६९ साली अहमदाबादमध्ये एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्याला सभेची परवानगी नाकारली गेली. त्यातून उभ्या राहिलेल्या हिम्मतलाल शाह खटल्यात घटनापीठाने सांगितले की सभांचे नियमन सरकार करू शकते. पण कोणतेही निकष न देता परवानगी पोलीस आयुक्तांच्या मर्जीवर सोडणारा नियम संविधानाच्या १९(१)(ब) कलमात बसत नाही. तो नियम ज्या मुंबई पोलीस कायद्याखाली केलेला होता, तोच कायदा आज महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून आपल्याला लागू आहे.

महाडचे चाळीस रुपये

मार्च १९२७ च्या महाड परिषदेत हजारोंची तहान भागवण्यासाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. जवळच चवदार तळे भरलेले होते. १९२३ चा बोले ठराव होता, तळे खुले करणारा महाड नगरपालिकेचा ठरावही होता. कागदावर पाणी सर्वांचे, प्रत्यक्षात ते आपल्यासाठी विकत. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. विरोधक कोर्टात गेले ते तळे खासगी आहे असे सांगत. तो दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडले. सार्वजनिक जागेवरचा हक्क नाकारायला दर वेळी बंदीच लागते असे नाही, हे बाबासाहेबांच्या पिढीने अनुभवले आहे. किंमत लावली तरी पुरते.

सवलत कुणाला मिळते?

सरकारकडे पैसे नाहीत, असे म्हणावे तर क्रिकेटकडे पाहा. २०२३ साली राज्य सरकारने टी-ट्वेंटी सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क दहा लाख रुपयांवर आणले आणि ही सवलत २०११ पासून लागू केली. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळाला मागच्या तारखेपासून सूट कशासाठी, असा जाब उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये विचारला. आमचे म्हणणे साधे आहे: सवलतीला निकष हवा, तसाच वसुलीलाही हवा.

खर्च वाढला की जयंती कुणाची होते?

आम्हाला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. घरोघरी फिरून वर्गणी काढणाऱ्या समितीला वाढलेली अनामत परवडत नाही. मग कुणी बिल्डर किंवा नगरसेवक "मी बघतो" म्हणत पुढे येतो. परवानगीही तोच आणतो. त्या वर्षी कमानीवर बाबासाहेबांपेक्षा त्याचा फोटो मोठा असतो आणि पुढच्या निवडणुकीत वस्तीने त्याची परतफेड करायची असते. म्हणजे परवानगीची किंमत फक्त पैशांत मोजली जात नाही. आपला आवाजही त्यात जातो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी काही गोष्टी आतापासूनच कराव्यात. अर्ज लेखी आणि वेळेत द्यावा, पोच घ्यावी. प्रत्येक रकमेचा नियम विचारावा, पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. नकार मिळाला तर तो कारणांसह लेखी मागावा. गेल्या तीन वर्षांत सर्व उत्सवांना कोणते शुल्क लावले आणि कुणाला माफ केले, याची माहिती माहिती अधिकारात मागावी. त्याला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. एका समितीने विचारले तर टाळाटाळ होईल. शहरातल्या सगळ्या समित्यांनी एकाच आठवड्यात विचारले तर दरपत्रक भिंतीवर लावावे लागेल.

आणि आपली बाजूही स्वच्छ हवी. रात्री दहानंतर डीजे वाजवायचा, मैदानावर प्लेट-ग्लास टाकून निघून जायचे आणि वर्गणीचा हिशेब कुणालाच दाखवायचा नाही, असे असेल तर साहेबांकडे हिशेब मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही. जमाखर्च विहाराच्या फलकावर लावा. मग तोच कागद घेऊन कार्यालयात जा आणि सांगा: आमचा हिशेब हा, आता तुमचा दाखवा.

जय भीम! नमो बुद्धाय!