रुग्णाबरोबर घरही शिकले पाहिजे

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याने मान्य प्रकारांची संख्या ७ वरून २१ वर नेली आणि ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’ या मज्जासंस्थेच्या विकाराला त्या यादीत स्थान दिले. कायद्याने दखल घेतली; परंतु रुग्ण ज्या घरात राहतो त्या घराने ती घेतली आहे काय, हा प्रश्न उरतोच.

या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. त्यामुळे कोणाची दृष्टी अंधुक होते, कोणाचे पाय लटपटतात. बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे ऐन संसाराच्या काळात, हा विकार सुरू होतो. आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट आहे. तो समूळ बरा होत नाही. मात्र त्याला आवर घालणारी औषधे आज उपलब्ध आहेत.

खरी अडचण अशी, की त्याची कित्येक लक्षणे इतरांना दिसत नाहीत. सकाळी स्वयंपाक करणारी सून दुपारी उठू शकली नाही, तर तो रोगाचा थकवा न मानता आळस मानला जातो. शरीर तापले की लक्षणे तात्पुरती बळावतात; श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रवैद्य ऊटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते. विदर्भातील उन्हाळ्यात ही माहिती घरच्यांजवळ असणे किती अगत्याचे आहे, हे सांगावयास नको. ताप नसताना नवे लक्षण २४ तासांहून अधिक टिकले, तर रोगाने पुन्हा उचल खाल्ली असावी, हेही त्यांना ठाऊक हवे. हा रोग संसर्गजन्य नाही आणि तो मातृत्वाच्या आड येतोच असे नाही, हे न कळल्याने संसार मोडू शकतात.

मज्जाविकारतज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केल्यापासून दूरध्वनीवरून सल्ला देण्याचा मार्ग अधिकृतपणे मोकळा झाला आहे. परंतु तो सल्ला बहुतांशी औषधांपुरता राहतो. निदानानंतर कुटुंबासाठी मराठीतून, सर्वजण घरी असतील अशा सायंकाळी, काही पाठ दूरध्वनीवरून का देऊ नयेत? परिचारिका व भौतिकोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतील. १९८५ पासून या रुग्णांसाठी काम करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाचा अनुभवही उपयोगी पडेल. पण सारा भार स्वयंसेवी संस्थेवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. रुग्णाच्या संमतीवाचून घरच्यांना काही सांगू नये आणि तिला एकटीने बोलण्याची सोय असावी. अनेक घरांत दूरध्वनी दुसऱ्याच्या हाती असतो. तसेच शिक्षण हा महागड्या औषधांना पर्याय आहे, असे कोणी मानू नये. ही पथ्ये सांभाळून कुटुंबाचे शिक्षण उपचाराचाच भाग मानले गेले, तरच कायद्याने दिलेली मान्यता उंबरठ्याच्या आत पोहोचेल.