ताट वाढायची घाई, आणि स्वयंपाकाचं काय?

"प्रकाशाच्या वेगाने बदलणारी चिप!" असलं काही वाचलं की माझं डोकंच फिरतं. अहो, बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीतून जाणारा सिग्नलसुद्धा प्रकाशाच्या जवळपास निम्म्या वेगाने पळतो. वेगाचं कसलं कौतुक? खरी गंमत वेगळीच आहे, आणि खोटही.

एफपीजीए म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यावरही आतलं सर्किट बदलता येणारी चिप. झायलिंक्सने १९८५ साली पहिली बाजारात आणली, तिच्यात ६४ लॉजिक ब्लॉक होते. हे सर्किट म्हणजे शेवटी मेमरीतले शून्य आणि एक. ते मोजक्या पिनांमधून रांगेने आत जातात. दादरच्या पुलावर संध्याकाळी एकच जिना उघडा ठेवावा, तसं! मोठ्या चिपला यात मिलिसेकंद जातात, कधी अख्खे सेकंदही.

जपानच्या शिझुओका विद्यापीठात मिनोरू वातानाबे यांच्या गटाने ही रांगच मोडली. चिपवर फोटोडायोड पसरलेले, वर होलोग्राफिक मेमरी, त्याच्याही वर लेझर. जो लेझर पेटेल त्याचा नकाशा सगळ्या फोटोडायोडांवर एकदम पडतो. काम नॅनोसेकंदांत खलास. शिवाय होलोग्राममध्ये माहिती सगळीकडे पसरलेली असते, त्यामुळे रेडिएशनने थोडा भाग खराब झाला तरी नकाशा शाबूत राहतो. अंतराळयानासाठी हे सोनंच. फोटोडायोड जागा खातात, पण ते चालतं हो.

पण मुळात तो नकाशा बनवतो कोण?

सॉफ्टवेअर. कुठला गेट कुठे बसवायचा, कुठली तार कुठून न्यायची, हे ठरवायला मोठ्या डिझाइनला तासन् तास लागतात. आमच्याकडे एक ओळ बदलली की रात्री कंपाइल लावून घरी जायचं. सकाळी येऊन बघावं तर टायमिंग बसलं नाही म्हणून लाल अक्षरं. पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे स्वयंपाकाला पाच तास, आणि आपण टाळ्या कशाला वाजवतोय, तर ताट एका नॅनोसेकंदात वाढलं म्हणून!

कुणी म्हणेल, नकाशे आधीच बनवून ठेवा की. ठेवा ना. यानावर ठरलेली दहा कामं असतील तर झकास जमेल. पण मग "हवं तसं बदलणारं हार्डवेअर" म्हणू नका, ती कॅसेटची पेटी झाली.

त्यात बहुतेक कंपन्या नकाशाचा फॉरमॅट कुलूपबंद ठेवतात. २०१५ मध्ये आइसस्टॉर्म प्रकल्पाने लॅटिसच्या आइस४० चिपांचा फॉरमॅट नुसती उकल करून बाहेर काढला, तेव्हा कुठे त्या चिपांसाठी पूर्णपणे मुक्त टूल्स मिळाली. त्या कामात लेझर नव्हता, चमचमणारा फोटो नव्हता. बातमीही कुणी छापली नाही बहुतेक. पण कॉलेजातल्या पोराने आज घरी बसून फुकटात एफपीजीएवर काही करून बघितलं, तर त्यामागे हेच असतं.

असो. कालचं कंपाइल बघायला लॉगिन करतो. लाल नसू दे म्हणजे मिळवली.